वरून ओतलेलं पाणी

एक वाक्य मी चोरलं होतं. १९८६ साली. चोरीचा माल पचला, वर शाबासकीही मिळाली. आज त्याचा जबाब देतोय. कुणी मागितलेला नाही, तरी देतोय.

माझी मावशी लालबागच्या एका गिरणीत वायंडिंगला होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातली ती एक. संप काही रीतसर संपला नाही, माणसंच संपत गेली. मावशीचा नवरा गावी गेला तो तिकडंच राहिला. मावशी परळच्या खोलीत आमच्यासोबत राहिली. आणि मग तिला भोंगा ऐकू यायला लागला. गिरणी बंद, चिमणी थंड, पण हिचा भोंगा रोज पहाटे व्हायचा. उठायची, केस विंचरायची, डबा बांधायची, गेटासमोर जाऊन उभी राहायची. डब्यात कधी भाकरी असायची, कधी नुसताच डबा. एक दिवस वॉचमनने तिला ढकललं. तिने डबा त्याच्या कपाळात घातला.

चाळीतल्या शहाण्यांची बैठक बसली. पोरीबाळींची घरं आहेत, उद्या काही झालं म्हणजे? मावशीला बैठकीत बोलावलं नव्हतं. ती खोलीतच होती, मधे एक पडदा. सगळं ऐकत होती.

तेव्हा १९१२ चा वेड्यांचा कायदा चालू होता. इंग्रजांचा. नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांची सर्टिफिकिटं, मॅजिस्ट्रेटचा हुकूम. बस्स. घरात कॉलेजात जाणारा मी एकटाच, म्हणून अर्जावर सही माझी. शिका म्हणून सांगितलं होतं, शिकलो होतो. सरकारी कागदावरची माझी पहिली सही अशी कामाला आली.

इस्पितळाचं नाव लिहीत नाही. एक सरकारी इस्पितळ, एवढं पुरे. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नसत, जाळीपाशी भेट. दुसऱ्या भेटीला मावशी आली तेव्हा तिला एका बाईने दंडाला धरून आणलं होतं. मावशीचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं, लाळ गळतेय. मी बिस्किटं पुढे केली, तिने घेतली नाहीत. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पेशंट अन्न नाकारते, आजाराचाच भाग आहे.

ती दंड धरणारी बाई म्हणाली, ‘‘नाकारत न्हाई वो. जबडा धरलाय तिचा. सुई दिली की दुसऱ्या दिसाला माझंबी असंच हुतं. तेला येगळी गोळी हाय, ती दिली की सुटतं. आठ दिस झालं मी सांगतीया. कोन ऐकतंय.’’

ती मावशीच्या शेजारच्या खाटेवरची. चार वर्षं तिथं होती.

मी डॉक्टरकडे गेलो. शर्ट खोचला होता, खिशाला पेन. म्हणालो, डॉक्टर, इंजेक्शननंतर पेशंटचा जबडा आखडत असावा असं मला वाटतं, त्यासाठी काही औषध असतं का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं, नर्सला बोलावलं, मावशीला तपासलं, गोळी लिहिली. मग मला म्हणाले, तुम्ही शिकलेले दिसता.

पुढच्या रविवारी मावशीने जाळीतून भाकरी घेतली आणि खाल्ली.

असं मला वाटतं, म्हणालो मी. मला काही वाटत नव्हतं. मला त्यातलं काही कळतही नव्हतं. तेच वाक्य आठ दिवस वॉर्डात मोठ्यानं बोललं जात होतं. बोलणारी वेडी, म्हणून ते वाक्य नव्हतं, बडबड होती. माझ्या तोंडातून निघालं आणि ते माहिती झालं.

आपल्या लोकांना हे समजवायला लागू नये. विहिरीवर आपली आई ओंजळ धरून उभी राहायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. पाणी तेच. आपला हात लागला की बाटणार, त्याचा हात लागला की चालणार. ओतणारा दयाळू असायचाही. वेळ काढून ओतायचा, पोरांना जास्त ओतायचा. आणि तरी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला माणसं गेली ती जास्त दयाळू ओतणारा मागायला गेली नाहीत. तळ्यात स्वतःचा हात घालायला गेली.

त्या दिवशी मी वरून ओतणारा झालो होतो. मला ती जागा आवडलीही. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडली.

आता प्रश्न असा. मी खरं बोललो असतो, साहेब, शेजारच्या खाटेवरची पेशंट असं म्हणते, तर? फार करून डॉक्टर हसले असते. गोळी आली नसती. मावशी आणखी आठ दिवस उपाशी. मग मी केलं ते बरोबर की चूक? चाळीस वर्षं होत आली, मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलंय. मावशीपुरतं बघितलं तर बरोबर. त्या शेजारणीपुरतं बघितलं तर चोरी. कारण डॉक्टरला त्या दिवशी कळायला हवं होतं की या वॉर्डात एक बाई आहे जिला औषधांचे परिणाम अंगावरून माहीत आहेत, हिला विचारत जावं. ते त्याला कळलं नाही. कळलं काय, तर नातेवाईक शिकलेला आहे.

दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा हा धोका दुसऱ्याचं भलं करूनही टळत नाही. भलं होतं आणि त्याचा आवाज आणखी एक बोट खाली जातो.

आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे बाबासाहेबांनी मांडलं ते हेच, की अस्पृश्यांच्या वतीने अस्पृश्यानेच बोललं पाहिजे. १९३१ ला लंडनच्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी दावा केला की अस्पृश्यांचा प्रतिनिधी मी. त्यांची कळकळ खोटी होती असं मी म्हणत नाही. कळकळीने प्रतिनिधित्व मिळतं का, एवढंच भांडण होतं. ते भांडण २४ सप्टेंबर १९३२ ला पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात करारावर येऊन थांबलं. त्याच येरवड्यात वेड्यांचं सरकारी इस्पितळही आहे, आजही. करारावर आपण शेकडो लेख लिहिले. इस्पितळातल्या माणसाच्या वतीने कोण बोलतो, यावर मी आपल्या एकाही अंकात ओळ वाचलेली नाही. मीही लिहिली नव्हती.

कुणी म्हणेल, जातीचा प्रश्न आधी, बाकी मग बघू. हे ऐकलंय. गिरणीत साच्यावर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. महाराच्या तोंडाचं सूत कसं चालेल, म्हणून साचाखात्यात, जिथं पगार बरा, तिथं आपल्याला मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला तेव्हा त्यांनाही हेच ऐकायला लागलं होतं. कामगार सगळा एक, मधेच हे काय काढता? एक म्हणायला हरकत नव्हती. फक्त एकातल्या कुणाचं तोंड उष्टं, ते आधीच ठरलेलं होतं. मग आमच्या चाळीतल्या त्या बैठकीत पडद्यामागे बसलेल्या बाईचं तोंड कुणी उष्टं ठरवलं? बामणाने नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते, त्याखाली बसून आपणच ठरवलं.

आता लोक म्हणतात त्या पीअर अ‍ॅडव्होकसीकडे येतो. पीअर म्हणजे बरोबरीचा. ज्याने ती खाट भोगली आहे त्याने आज त्या खाटेवर असलेल्याच्या बाजूने उभं राहायचं, त्याला काय पाहिजे ते त्यालाच विचारायचं आणि डॉक्टरपुढे, मॅजिस्ट्रेटपुढे, घरच्यांपुढे ते त्याच्याच शब्दांत पोचवायचं. हा बरोबरीचा वकील नव्हे, समाजसेवक नव्हे. मराठीत धड शब्द नाही. खाटेशेजारचा म्हणावं.

ही कल्पना कालची नाही. इंग्लंडचा एक पंतप्रधान होता, स्पेन्सर पर्सिव्हल, १८१२ साली त्याचा खून झाला. त्याचा मुलगा जॉन पुढे वेड्यांच्या खासगी घरात काही वर्षं कोंडला गेला. बापाचं नाव, पैसा, गोरी चामडी, सगळं असून आत त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. बाहेर आल्यावर त्याने आणि त्याच्यासारख्यांनी १८४५ साली, वेडे ठरवल्या गेलेल्यांच्या मित्रांची म्हणून, एक संस्था काढली. कोंडलेल्यांना भेटायचं, त्यांची गाऱ्हाणी पार्लमेंटपर्यंत न्यायची. जात नसलेल्या देशात पंतप्रधानाच्या पोराचा आवाज एका दिवसात जातो, तर परळच्या संपवाल्या बाईचं काय घेऊन बसलात! अमेरिकेत ज्यूडी चेंबरलिन नावाची बाई. गर्भपात झाल्यावर दुःखाने खचली, १९६६ मध्ये इस्पितळात कोंडली गेली. १९७८ ला तिने पुस्तक लिहिलं आणि आजारातून गेलेल्यांनी स्वतः चालवलेल्या आधारगटांची बाजू मांडली. त्याच दशकात आपल्याकडे पोरं जातीचा अनुभव स्वतःच्या नावाने छापत होती. कुणी कुणाचं वाचलं नव्हतं.

आणि आपल्या पुण्यात भार्गवी दावर. तिची आई वेडी ठरवली गेलेली, इस्पितळं भोगलेली. तिने १९९९ मध्ये बापू ट्रस्ट काढला, तो आईच्याच नावाने. पुण्याच्या वस्त्यांमध्ये, इस्पितळाची पायरी न चढता माणसाला आधार कसा देता येईल, यावर ती संस्था काम करत आली. भार्गवी २०२४ ला गेली. ती जन्मभर एकच मुद्दा धरून होती, की कोंडण्याचा अधिकार कुणालाच नको. मला तो मुद्दा पूर्ण पचत नाही, ते पुढे सांगतो. पण ज्या घरात ती वाढली तिथून तो आलाय, माझ्यासारखा वाचनातून नाही.

पचत का नाही? कारण मी मावशीला रुळांवर चालताना बघितलंय. सही करायच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. त्या घटकेला तिला विचारत बसलो असतो तर ती राहिली नसती. माणूस स्वतःच्या भल्याविरुद्ध बोलतो अशा घटका असतात, आणि हे नाकारणारा बहुधा रात्रपाळीला घरी जागलेला नसतो. पण घटका म्हणजे किती? मावशी चार महिने आत होती. शेजारीण चार वर्षं. घटकेच्या नावाखाली लोकांची आयुष्यं काढून घेतात, तिथं माझा युक्तिवाद मलाच पुरत नाही.

आणि घटकेतही माणूस अर्धा तरी शाबूत असतो. गंमत बघा, १८७२ च्या साक्षीच्या कायद्यात, कलम ११८ खाली, इंग्रजाने लिहून ठेवलं होतं की वेडा माणूस केवळ वेडा म्हणून साक्षीला नालायक ठरत नाही, प्रश्न समजून नीट उत्तर देता येत असेल तर त्याची साक्ष चालेल. खुनाच्या खटल्यात चालेल. स्वतःच्या जबड्याबद्दल मात्र चालत नाही.

दुसरी शंका आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना लगेच येईल. बरोबरीचा, बरोबरीचा म्हणून आणाल आणि तोच मुकादम होईल. खरंय. गिरणीत जॉबर आपल्यातलाच असायचा, कामगारातून वर आलेला, आणि भरतीला पैसे तोच खायचा. राखीव जागेवर निवडून गेलेले होयबाही आपण बघितले. उद्या इस्पितळाने चार बऱ्या झालेल्या पेशंटांना बिल्ला आणि मानधन दिलं तर ते वॉर्डात गोळ्या गिळवायला मदत करतील, तक्रार करणाऱ्याला गप्प बसवतील. तसं होऊ शकतं. म्हणून तो कुणाचं खातो, त्याला कोण काढू शकतं, हे बघावं लागेल. खाटेवरच्यांनी त्याला निवडावं आणि खाटेवरच्यांनीच काढावं. दुसरी वाट मला दिसत नाही. पण जॉबर निघाला म्हणून कामगाराने युनियनचा नाद सोडला होता का?

२०१७ ला नवा मानसिक आरोग्य कायदा आला, २०१८ पासून लागू आहे. तो मी बसून वाचला. वाचताना दोनदा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. साखळीने बांधायचं नाही. सक्तीने डोकं भादरायचं नाही. स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत. काम करून घेतलं तर मोबदला. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कुणाला आत ठेवता येणार नाही. आणि निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून माणसाला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येणार नाही. या ओळी लिहायच्या आधी २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला अठ्ठावीस माणसं आगीत जळून मेली होती. पळता आलं नाही, साखळ्या होत्या.

पण त्याच कायद्यात एक शब्द आहे, तिथं मी अडलो. पुनर्विलोकन मंडळ. पेशंटची तक्रार ऐकणारी, त्याला सोडायचं की ठेवायचं ते ठरवणारी जागा ती. न्यायाधीश असतो, कलेक्टरचा माणूस असतो, डॉक्टर असतात, आणि दोन जागा अशा की ज्यांवर स्वतः मानसिक आजारातून गेलेली माणसं, किंवा त्यांची काळजी घेणारे, किंवा त्यांच्या संघटनांचे, किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे लोक घ्यायचे. किंवा, किंवा, किंवा. आपल्याला त्या ‘किंवा’चा इतिहास पाठ आहे. अस्पृश्य किंवा अस्पृश्यांचा कळवळा असलेला गृहस्थ, असं कुठल्या कमिटीवर लिहिलं असतं तर कोण बसला असता? तो खोचलेल्या शर्टाचा भाचाही काळजी घेणाराच आहे. त्याची सही अर्जावर आहे. उद्या तोच मंडळावर.

आणखी एक, जे लिहायला हात अडखळतो. आपल्या घटनेचं ३२६ वं कलम. प्रत्येक प्रौढाला मत. त्या कलमासाठी बाबासाहेबांना आपण डोक्यावर घेतो, घेतलंच पाहिजे. पण त्यात मत नाकारायच्या कारणांमध्ये मनाची विकलता हे एक कारण आहे. कायदा पुढे म्हणतो की कोर्टाने तसं जाहीर केलं असेल तरच. म्हणजे इस्पितळात आहे म्हणून मत जात नाही. २०१९ ला चेन्नईच्या सरकारी मनोरुग्णालयातल्या लोकांनी मतदान केलंही. मावशीला मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि बाहेर आल्यावर मतदार यादीत नाव पुन्हा घालायला मीच विसरलो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत ती दरवर्षी उभी राहायची, शिवाजी पार्कच्या उन्हात. रांगेत तिला कुणी वेडी म्हणालं नाही. रात्री कुठल्यातरी स्टॉलवरून ती घटनेची छोटी प्रत घेऊन यायची. वाचता येत नव्हतं.

शब्दांचंही बघा. वेडा नको म्हणून मनोरुग्ण आला. चांगल्या मनाने आला. हरिजनही चांगल्याच मनाने आला होता. आपण तो फेकला आणि दलित हा शब्द उचलला. त्यांना कुठला शब्द हवाय ते अजून आपण ऐकलेलं नाही, तोवर मी वेडा हाच शब्द वापरतोय, शिवी म्हणून नव्हे.

मावशीला आणलं त्या दिवसाचं राहिलं. माझ्याच अर्जावरून ती आत गेलेली, म्हणून मी लेखी मागितल्यावर सुटका झाली. जाळीपाशी शेजारीण आली. मावशीची पिशवी तिनेच भरली होती. मला म्हणाली, ‘‘माझं बी सांगा की डाक्तरला. मी बरी हाय. भाऊ येत न्हाईत म्हनून हितं हाय.’’ मी म्हणालो, सांगतो. डॉक्टर राउंडवर होते, लोकल पकडायची होती, मावशी दारात उभी राहून रडायला लागली. मी सांगितलं नाही.

नव्या कायद्याच्या चौदाव्या कलमात असं आहे की माणसाने आपला प्रतिनिधी स्वतः नेमायचा. साधा कागद, सही किंवा अंगठा. नातेवाईकच हवा असं नाही. हे वाचलं त्या रात्री मी हिशेब केला, मावशीने कुणाला नेमलं असतं? मला नसतं.

मावशी २००४ ला गेली. शेवटपर्यंत अधूनमधून विचारायची, शेजारीण सुटली का रे? मी म्हणायचो, सुटली असेल. एकदा धीर करून त्या इस्पितळात गेलो होतो. खिडकीवरच्या क्लार्कने विचारलं, पेशंटचं नाव काय? मावशीला ते ठाऊक असणार. मी तिला कधी विचारलं नव्हतं.